निराधार बालिकांची माउली पंडिता रमाबाई

शारदीय नवरात्र सुरू झाले की महाराष्ट्रात घरोघरी घट बसतात. नंदादीप नऊ दिवस अखंड तेवत राहतो, सप्तशतीचे पाठ होतात, देवीवर रोज नवी माळ चढते आणि अष्टमी-नवमीला कुमारिकांना पाटावर बसवून, त्यांचे पाय धुऊन, त्यांना गोडाधोडाचे जेवू घातले जाते. देवीभागवताने तर दोन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंतच्या बालिकेला वयपरत्वे कुमारिका, त्रिमूर्ती, कल्याणी, रोहिणी अशी निरनिराळी नावे देऊन तिच्या ठायी साक्षात आदिशक्तीचा वास मानला आहे. आपल्या पूर्वजांची ही दृष्टी फार मोठी होती, यात शंका नाही. परंतु पाटावर बसावयास ज्या कुमारिकेला घरच उरलेले नाही, आई-बाप, सोयरे-धायरे, गाव आणि अन्न यांपैकी काहीच जिला उरलेले नाही, तिचे पूजन कोणी करावयाचे?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात एका विदुषीने हा प्रश्न स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर शब्दांनी न देता आपल्या आयुष्याने दिले. त्या विदुषीचे नाव पंडिता रमाबाई. नवरात्राच्या या पुण्यपर्वात तिच्या चरित्राचे स्मरण करावे, असे आम्हांस वाटते. त्या पुढे ख्रिस्ती झाल्या, ही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही. आमच्या वाचकांनीही ती विसरावी असे आम्ही म्हणत नाही. उलट, भागवताच्या अमृतधारेवर वाढलेली ही कन्या तिकडे का गेली आणि तेथे जाऊन तिने काय केले, हे श्रद्धावान हिंदू घरांनी शांत चित्ताने समजून घेण्याजोगे आहे.

आमच्या ठाणे-कल्याण भागातील वाचकांना शीळफाटा ठाऊक नाही असे होणार नाही. कल्याणहून आणि मुंब्र्याहून येणारे रस्ते तेथे एकत्र येतात आणि पनवेलची वाट धरतात. तीच वाट पुढे बोरघाट चढून पुण्यास जाते. पुण्यापासून सोलापूरच्या दिशेने आणखी पन्नास-साठ किलोमीटर गेले की दौंड तालुक्यातील केडगाव लागते. या केडगावच्या माळावर रमाबाईंनी आपले मुक्तिसदन उभारले. तेथवर पोहोचण्यासाठी त्यांना मात्र आसेतुहिमाचल भारत पायी तुडवावा लागला आणि दोन महासागर ओलांडावे लागले.

गंगामूळचे बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील रांगेत, गंगामूळ या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे व्युत्पन्न पंडित आणि परम भागवत. पुण्यास विद्यार्जन करीत असता पेशव्यांच्या वाड्यात एका राजस्त्रीला संस्कृत शिकविले जाते, हे त्यांनी पाहिले होते. स्त्रीच्या मुखातून देववाणी ऐकून हा तरुण विद्यार्थी इतका भारावला की आपणही आपल्या पत्नीला विद्या द्यावयाची, असा त्याने निश्चय केला. प्रथम पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधाने तो सिद्धीस गेला नाही. ती निवर्तल्यावर, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, गोदावरीच्या काठी यात्रेस आलेल्या एका ब्राह्मणाच्या नऊ वर्षांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. ह्याच लक्ष्मीबाई. अनंतशास्त्र्यांनी त्यांना संस्कृत शिकविण्यास आरंभ केला आणि सर्वत्र गहजब उडाला. उडुपीच्या विद्वत्सभेपुढे त्यांना उभे राहावे लागले. तेथे त्यांनी शास्त्राधारे आपली बाजू मांडली; पण पुढे गावात राहण्यापेक्षा अरण्यात पर्णकुटी बांधून राहणे त्यांनी पत्करले.

रमाबाई हे त्यांचे शेंडेफळ. थोरली बहीण कृष्णाबाई आणि भाऊ श्रीनिवास. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि त्यानंतर त्यांना स्थिर घर असे कधी मिळालेच नाही. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोक्यावरून नेण्यात आले. आमच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, की पुढे हजारो बेघर मुलींना ज्या बाईने घर दिले, तिच्या आयुष्याची पहिली वीस वर्षे धर्मशाळांतून, देवळांच्या ओवऱ्यांतून आणि झाडांखाली गेली.

या भ्रमंतीत तिची शाळा म्हणजे तिची आई. पहाटे, कामाला लागण्यापूर्वी, लक्ष्मीबाई लेकीला जवळ घेऊन पाठ देत. पुस्तक हाती न देता कानाने ऐकून मुखोद्गत करावयाचे, ही आपली सनातन परंपरा. अशा रीतीने बाराव्या वर्षापर्यंत श्रीमद्भागवताचे अठरा सहस्र श्लोक रमाबाईंच्या मुखी आले. देवळादेवळांतून पुराण सांगावे, भाविक जे ठेवतील त्यावर निर्वाह करावा आणि उरेल ते दानधर्मात घालावे, असा त्या कुटुंबाचा क्रम होता. मुलीचे लग्न लहानपणी करावयाचे नाही, असेही अनंतशास्त्र्यांनी ठरविले होते. थोरल्या मुलीच्या बालविवाहाचे दुःख त्यांनी भोगले होते.

दुष्काळाचा वणवा

पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य संपले, भांडीकुंडी गेली. अभिमानी पंडिताला भिक्षा मागता येईना आणि अंगमेहनतीच्या कामाची कोणाला सवय नव्हती. देव कृपा करील या श्रद्धेने व्रते, अनुष्ठाने आणि जप चालूच होते. शेवटी अरण्यात शिरून झाडपाल्यावर अकरा दिवस काढण्याची पाळी आली. अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचा विचार केला. तेव्हा श्रीनिवासाने, कुळाचा अभिमान बाजूस ठेवून आपण मोलमजुरी करू, असे सांगून त्यांना परावृत्त केले. पण उशीर झाला होता. १८७४ साली प्रथम वडील गेले. त्यांनी अखेरच्या क्षणी आपल्या लाडक्या कन्येला हृदयाशी धरून ईश्वराच्या हाती सोपविले आणि त्याचीच सेवा कर, असे सांगितले. पाठोपाठ आई गेली. आईची तिरडी उचलण्यास पुरेशी माणसेही मिळेनात. अखेर दोन ब्राह्मण दयाळूपणे पुढे आले. भाऊ आणि सोळा वर्षांची रमा हे उरलेले खांदेकरी. उंची कमी म्हणून रमेने आपला भार खांद्याऐवजी डोक्यावर घेतला आणि स्मशानापर्यंतची तीन मैलांची वाट चालली. काही महिन्यांनी कृष्णाबाईही गेली.

उरली ती दोन भावंडे. ती काश्मीरपासून कामरूपापर्यंत हजारो मैल अनवाणी फिरली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जाऊ लागला, तेव्हा वाळूत खड्डे खणून, मानेपर्यंत वाळू अंगावर ओढून त्यांनी रात्र काढली. पोटात अन्न नाही, अंगावर वस्त्र नाही, माथ्यावर छप्पर नाही, अशा अवस्थेत एखादी तरुण मुलगी काय अनुभवते, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढच्या सर्व कार्याचे बीज आम्हांस या वाळूतल्या रात्रीत दिसते.

पंडिता आणि सरस्वती

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मराठी मुलीच्या संस्कृत ज्ञानाची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. ज्या शारदेची आपण नवरात्रात आराधना करतो, तिचेच नाव एका स्त्रीला तिच्या विद्येमुळे मिळावे, हा त्या काळातील अपूर्व प्रसंग होता. बंगाल-आसामात त्यांची स्त्रीशिक्षणावर व्याख्याने होऊ लागली. पण सुखाचा हा किरण फार टिकला नाही. १८८० साली बंधू श्रीनिवास निवर्तला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मणेतर असल्याने दोन्हीकडच्या समाजांनी नाके मुरडली. १८८१ साली कन्या मनोरमा जन्मली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पती गेला. चोविसावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच त्या विधवा झाल्या. पदरी दहा महिन्यांची मुलगी होती.

त्या महाराष्ट्रात परतल्या. पुण्यात न्यायमूर्ती रानडे प्रभृती सुधारकांच्या पाठबळाने त्यांनी १८८२ साली आर्य महिला समाज स्थापिला. हंटर आयोगापुढे साक्ष देताना मुलींसाठी स्त्री-शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, अशी निकडीची मागणी त्यांनी केली. स्वतः वैद्यकी शिकावी, या हेतूने १८८३ साली त्या लेकीसह इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीचा मार्ग मात्र बंद झाला.

धर्मांतराचा प्रश्न

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्या उतरल्या होत्या. तेथील भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातील एक आश्रम दाखविला. समाजाने वाळीत टाकलेल्या, पाऊल घसरलेल्या स्त्रियांना तेथे मायेने सांभाळून नव्या आयुष्याला लावले जात होते. रमाबाई थक्क झाल्या. पतितेला शासन सांगणारी वचने त्यांना पाठ होती. तिला जवळ घेऊन तिचे डोळे पुसणारी संस्था त्यांनी प्रथमच पाहिली. या करुणेचे मूळ कोठे आहे, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना येशू ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून दाखविण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला.

या वार्तेने महाराष्ट्रास धक्का बसला आणि तो साहजिक होता. आपल्या संतांनीही पतितांना हृदयाशी धरले, रंजल्या-गांजल्यांना आपले म्हटले, हे रमाबाईंना ठाऊक नव्हते काय, असे आमचे वाचक विचारतील. ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? पण संतांच्या वाणीतील ती करुणा, दुष्काळात देवळाच्या पायरीवर उपाशी बसलेल्या त्या मुलीपर्यंत एखाद्या घराच्या किंवा हातभर भाकरीच्या रूपाने पोहोचली नव्हती, हे आपण कबूल केले पाहिजे. तो दोष धर्माचा म्हणावयाचा की धर्म पोथीत बांधून ठेवणाऱ्यांचा, याचा निर्णय ज्याने त्याने करावा. आम्ही एवढेच म्हणू, की ज्या समाजात निराधार स्त्रीला थारा नसतो, त्या समाजाला तिच्या जाण्याबद्दल रागावण्याचा अधिकार अपुरा असतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. रमाबाई ख्रिस्ती झाल्या तरी साहेबी झाल्या नाहीत. शाकाहार त्यांनी सोडला नाही आणि पांढऱ्या लुगड्याचा साधा वेषही सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत असा आग्रह झाला, तेव्हा आमच्या देशातील बायकांना ही भाषा परकी आहे, त्यावर संस्कृत शब्द का नसावेत, असा वाद त्यांनी आपल्या गुरुभगिनीशी घातला. ज्यांच्याकडून दीक्षा घेतली त्यांच्यापुढेही त्यांनी मान तुकविली नाही. अनंतशास्त्र्यांची कन्या ती!

कल्याणच्या लेकीसाठी सातासमुद्रापार

चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयात रमाबाई शिकत आणि शिकवीत असताना अमेरिकेतून निमंत्रण आले. ज्यांचे बालपण आपल्या कल्याणात गेले, त्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेणार होत्या. ११ मार्च १८८६ रोजी झालेल्या त्या समारंभास रमाबाई लेकीसह उपस्थित राहिल्या. एक नेमधर्म पाळणारी हिंदू सुवासिनी आणि एक ख्रिस्ती झालेली विधवा, अशा दोन महाराष्ट्रकन्या परमुलखात एकमेकींच्या शेजारी उभ्या होत्या. दोघींचा ध्यास एकच होता : आपल्या बहिणींचे दुःख हलके करणे. दुर्दैवाने डॉक्टर आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, पुण्यात निवर्तल्या. त्यांचे अपुरे राहिलेले स्वप्न रमाबाईंच्या मनावर कायमचे कोरले गेले.

अमेरिकेत रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तो १८८७ साली प्रसिद्ध झाला. गावोगावी त्यांची व्याख्याने झाली आणि बोस्टन येथे रमाबाई मंडळ स्थापन होऊन दहा वर्षे आर्थिक साह्य देण्याचे वचन मिळाले. हे बळ घेऊन त्या मायदेशी परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत बालविधवांसाठी शारदासदन उघडले. नावातच शारदा! पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई नातू. ह्याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या सहधर्मचारिणी आनंदीबाई झाल्या. १८९० साली सदन पुण्यास गेले.

सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळावयाची, असे ठरले होते. मुलींना आपापले सोवळे, व्रते, तुळशीपूजन करण्याची मोकळीक होती. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा त्यांच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे जाऊन बसत. यावरून ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. पालकांनी आपल्या मुली विश्वासाने सोपविल्या होत्या. त्या विश्वासाला तडा जातो आहे, अशी त्यांची भावना झाली, तिला कारण नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. तथापि काढून नेलेल्या मुलींपैकी किती जणींच्या वाट्यास पुन्हा अंधारी माजघरे आली असतील, या विचाराने मन विषण्ण होते.

केडगावचा माळ

वाद मागे पडला, पण खरी कसोटी पुढेच होती. पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे रमाबाईंनी सुमारे शंभर एकर माळरान विकत घेतले होते. तेथे फळबाग लावावी, उत्पन्नावर सदन चालावे, अशी योजना होती. इतक्यात १८९६-९७ चा भीषण दुष्काळ आला. मध्यप्रांतातून येणाऱ्या बातम्या वाचून रमाबाईंच्या डोळ्यांपुढे वीस वर्षांपूर्वीचे दिवस उभे राहिले. हाताशी पैसा नव्हता, जागा नव्हती. तरी त्या निघाल्या.

तेथे त्यांनी जे पाहिले ते शब्दांत मावणारे नव्हते. सरकारी अन्नछत्रांच्या आवारांत आणि रस्त्यांच्या कडेला हाडांचे सापळे झालेली मुले पडली होती. त्याहून भयंकर गोष्ट अशी, की आई-बापांवेगळ्या झालेल्या कोवळ्या मुलींना गोड बोलून पळवून नेणारे आणि त्यांचा बाजार मांडणारे स्त्री-पुरुष त्या भागात गिधाडांसारखे फिरत होते. भूक आणि अब्रू यांच्यामध्ये उभ्या असलेल्या या पोरींना रमाबाईंनी एकेक करून गोळा केले. त्या वर्षी केडगावी आणलेल्या मुलींची संख्या तीनशेच्या घरात गेली.

या मुली आणावयाच्या कोठे? पुण्यात प्लेगचा कहर होता आणि नव्या मुलींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा केडगावच्या उघड्या माळावरच झोपड्या उभारण्यात आल्या. उपासमारीने आजारलेल्या, अंगभर फोड आलेल्या, केसांत उवा-लिखा झालेल्या त्या मुलींना न्हाऊ-माखू घालणे, थोडे थोडे अन्न देऊन पचनशक्ती परत आणणे, औषधपाणी करणे ही सारी कामे दिवसरात्र चालत. हे काम कोणी केले? शारदासदनात वाढलेल्या बालविधवांनी! ज्यांना समाजाने अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसविले होते, त्याच तरुण मुली आता दुसऱ्यांच्या लेकरांच्या आया झाल्या. रमाबाईंच्या साऱ्या कार्यात आम्हांस ही गोष्ट सर्वांत थोर वाटते. निराधाराला केवळ आधार देणे पुरेसे नाही. त्याच्यावर दुसऱ्याला आधार देण्याची जबाबदारी टाकली की तो खरा उभा राहतो, हे त्यांनी ओळखले होते.

काम सोपे नव्हते. वर्षानुवर्षे भुकेत वाढलेल्या मुलींना शिस्त ठाऊक नव्हती. शिव्या, भांडणे, हट्ट यांना सुमार नसे. शिकविणाऱ्या थकून जात. कित्येक मुली इतक्या अशक्त होऊन आल्या होत्या की त्या वाचल्या नाहीत. तरी रमाबाईंनी दार बंद केले नाही. १८९८ साली मुक्तिसदनाच्या कायमच्या इमारतींचा पाया घातला गेला. १८९९-१९०० साली गुजरात, काठेवाड आणि राजपुतान्यात ‘छप्पनिया’ दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी पुन्हा आपली माणसे तिकडे धाडली आणि मुक्तिसदनातील लोकसंख्या जवळजवळ दोन हजारांवर गेली. एवढ्या माणसांना दोन वेळ जेवू घालावयाचे, तेही ठरावीक उत्पन्नाचा आधार नसताना! पाण्यासाठी विहिरी खणल्या गेल्या, धान्याची कोठारे उभी राहिली.

हळूहळू ती एक नगरीच झाली. फसलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्धांसाठी प्रीतिसदन, मुलग्यांसाठी सदानंदसदन, शिवाय आंधळ्यांसाठी वेगळी सोय. नावे पाहावीत : मुक्ती, कृपा, प्रीती, सदानंद. भागवताचे संस्कार अशा रीतीने त्यांच्या जिभेवर राहिले होते. विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, दूधदुभते, शेती, भट्टीचे काम, छपाई असे नाना उद्योग मुलींना शिकविले जात. दानावर जगणारी मुलगी पुन्हा दुसऱ्याच्या दयेवर राहते. हाताला कसब आले की ती कोणाची मिंधी राहत नाही, असा त्यामागचा विचार होता. कन्या मनोरमा शिकूनसवरून आईच्या मदतीस आली. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचण्याची लिपी तिने शिकविली.

येथे मात्र पूर्वीची तटस्थता नव्हती. मुक्तिसदन हे उघडपणे ख्रिस्ती घर होते आणि तेथे वाढलेल्या बहुतेक मुली त्या धर्मात गेल्या. याविषयी आमच्या वाचकांच्या मनात खंत असणे स्वाभाविक आहे. पण ज्या रात्री त्या मुली रस्त्यावर होत्या, त्या रात्री त्यांच्यासाठी दुसरे कोणते दार उघडे होते, हा प्रश्नही त्या खंतीबरोबरच आपल्या मनात राहिला पाहिजे.

अखेरची वर्षे

उतारवयात रमाबाईंनी एक प्रचंड काम अंगावर घेतले. बायबलचे प्रचलित मराठी भाषांतर खेड्यातील बायाबापड्यांना कळत नाही, म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी सोप्या मराठीत नवे भाषांतर करावयास घेतले. त्याचे खिळे जुळविणे आणि छपाई ही कामे मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केली. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिले. पण नियतीने अखेरचा घाव राखून ठेवला होता. ज्या लेकीच्या हाती सर्व सोपवून निघून जावयाचे, ती मनोरमा १९२१ च्या जुलैत मिरज येथे निवर्तली. आई-वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक कन्या! ती साध्वी तरीही लिहीत राहिली. भाषांतराचे काम पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी पंडिता रमाबाईंनी केडगावी देह ठेवला. भारत सरकारने १९८९ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. त्यांनी लावलेला वृक्ष केडगावी आजही उभा आहे.

आपले उत्तर कोणते?

रमाबाईंच्या कार्याला हिंदू समाजाने दोन प्रकारे उत्तर दिले. एक उत्तर टीकेचे होते; ते वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत राहिले. दुसरे उत्तर कृतीचे होते. शारदासदनाच्या पहिल्या विद्यार्थिनीचे पती अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि पुढे हिंगण्याच्या माळावर आश्रम नेला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. आपल्या लेकी परक्या दारी जाऊ नयेत असे वाटत असेल, तर आपले दार उघडले पाहिजे, हे या थोर मंडळींनी जाणले. धर्मरक्षणाचा याहून चांगला मार्ग आम्हांस ठाऊक नाही.

आज दुष्काळाचे ते रूप राहिले नाही. पण बेघर बालक नाहीसे झाले आहे काय? ठाणे-कल्याणच्या फलाटांवर, शीळफाट्यासारख्या रात्रंदिवस वाहणाऱ्या नाक्यांवर, घरातून पळून आलेली किंवा घरच नसलेली मुले-मुली आपल्या नजरेस पडतात आणि आपण घाईने पुढे जातो. त्यांना पळविणारे, राबविणारे, विकणारे हात आजही त्यांच्या मागावर असतात. १८९७ साली होते तसेच. फरक इतकाच, की आज कायदा आपल्या पाठीशी आहे. असे मूल दिसल्यास १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळविता येते. पोलीस आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती यांच्यावर त्याच्या संरक्षणाची जबाबदारी आहे. रमाबाईंना मध्यप्रांतापर्यंत जावे लागले. आपल्याला एक दूरध्वनी करावयाचा आहे.

येत्या अष्टमीला आपल्या घरी कुमारिका येतील. त्यांचे पाय धुवावेत, ओटी भरावी, त्यांना पोटभर जेवू घालावे; ही आपली परंपरा आहे आणि ती जपलीच पाहिजे. मात्र त्या पंगतीत एक पाट अशा बालिकेसाठी मांडावा, जिला बोलवावयास कोणी नाही. जवळपासच्या एखाद्या बालिकाश्रमात नैवेद्याचा एक वाटा पोहोचवावा, एखाद्या मुलीच्या शिक्षणाचा वर्षभराचा भार उचलावा. अरण्यात जन्मलेल्या, वाळूत रात्र काढलेल्या आणि हजारो लेकींची माउली झालेल्या त्या विदुषीला धर्माने आपण आपली म्हणावे की न म्हणावे, याविषयी मतभेद राहोत. तिने जो पाट मांडला तो मात्र आपल्या आदिशक्तीच्या पूजेचाच होता, असे आम्हांस मनःपूर्वक वाटते.